चार दिवसांची प्रसिद्धी आणि कोशातली नोंद



गेल्या आठवड्यात 'पेट'ची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरचा फोन आला. "ताई, चीनमध्ये इंटरनेटवर रातोरात फेमस झालेली माणसं असतात ना, त्यांची विश्वकोशात नोंद असावी का? हा पीएचडीचा विषय होऊ शकतो का?" मी आधी हसले. मग लोकलमध्ये बसून विचार करायला लागले आणि मानसरोवर येईपर्यंत लक्षात आलं, की माझ्या स्वतःच्या संशोधनाच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझी एमएस्सी रसायनशास्त्रातली. आता पीएचडी करतेय ती मराठी कोशांवर. विज्ञानाच्या नोंदी कुणी लिहिल्या, कशा निवडल्या, काय वगळलं, असं सगळं. त्यामुळे 'नोंद' हा शब्द कानावर पडला की मी थांबते. आजची पोस्ट त्या फोनचं लांबलेलं उत्तर आहे. सुरुवात चीनपासून न करता घराजवळून करू.

पळस्पे, मे १८७९

पनवेलहून गोव्याकडे निघालात की पहिला मोठा फाटा पळस्प्याचा. तिथून थोडं पुढे शिरढोण. आपण एसटीतून हे बोर्ड इतक्या वेळा वाचतो, की ते वाचणंच बंद होतं. या शिरढोणमध्ये ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू मात्र पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला.

पुढचं तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. १८७६–७७ चा दुष्काळ, रामोशी साथीदारांची जमवाजमव, फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा. शाळेच्या पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट अशी, की या बंडातली सगळ्यात मोठी लूट आपल्या पनवेलजवळ झाली. मे १८७९ च्या दुसऱ्या आठवड्यात दौलतराव नाईक घाट उतरून कोकणात आले आणि त्यांच्या टोळीनं पळस्पे व चिखली इथं छापे घातले. लुटीचा आकडा दीड लाख रुपयांच्या आसपास सांगतात. परत घाटावर जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गाठलं आणि दौलतराव गोळीला बळी पडले. जुलैमध्ये कलादगी भागात फडके पकडले गेले. पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काकांनी म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी त्यांची बाजू मांडली, जन्मठेप झाली आणि रवानगी एडनला. तिथून ऑक्टोबर १८८० मध्ये ते निसटले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं सदतीस.

आता एक हिशेब करा. पहिला छापा फेब्रुवारीत आणि खटल्याचा निकाल त्याच वर्षाच्या अखेरीस. म्हणजे हा माणूस बातम्यांत ठळकपणे होता जेमतेम नऊ-दहा महिने. आजच्या भाषेत सांगायचं तर १८७९ चं 'व्हायरल' प्रकरण.

समजा १८८० मध्ये कोश असता

एक कल्पना करून बघा. तुम्ही १८८० सालच्या एखाद्या मराठी कोशाचे संपादक आहात आणि 'फ' अक्षराचा गठ्ठा समोर आहे. 'फडके, वासुदेव बळवंत' ही नोंद घ्याल का?

घेऊ नये, असं म्हणायला तुमच्याकडे भरपूर कारणं असती. माणूस एकाच घटनेमुळे प्रसिद्ध झालेला. बंड फसलेलं. सरकारच्या कागदांत तो दरोडेखोर. आणि कोश म्हणजे काही वर्तमानपत्र नव्हे.

बरं, घेतलीच असती तर काय लिहिलं असतं? १३ मे १८७९ ला पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. पळस्प्याच्या छाप्याला तेव्हा दोन-तीनच दिवस झाले होते. साहजिकच संशय फडक्यांच्या माणसांवर गेला. न्यायमूर्ती रानड्यांकडेही सरकार संशयानं बघू लागलं आणि त्यांची बदली धुळ्याला झाली. पुढे निष्पन्न झालं, की त्या आगींचा फडक्यांशी संबंध नव्हता. म्हणजे मे महिन्यात लिहिलेल्या नोंदीत ही आग 'फडक्यांनी लावली' म्हणून छापली गेली असती आणि कोशात छापलेलं खोडणं किती अवघड असतं, हे आपण जाणतोच.

दुसरी अडचण साधनांची. काही जण मला विचारतात, "केसरीत बघितलंस का?" केसरीचा पहिला अंक निघाला ४ जानेवारी १८८१ ला, बंड मोडल्यावर दीड वर्षानं! त्या वेळी होते ते ज्ञानप्रकाशसारखी देशी पत्रं आणि इंग्रजांची टाइम्स ऑफ इंडिया, बॉम्बे गॅझेट वगैरे. त्यातही देशी भाषांतल्या पत्रांच्या मानेवर मार्च १८७८ चा व्हर्नाक्युलर प्रेस अॅक्ट होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. मराठी संपादकाला बंडखोराबद्दल सहानुभूतीचा एक शब्द लिहितानाही दहा वेळा विचार करावा लागत असे. त्यामुळे 'त्या काळच्या पत्रांनी त्याला दरोडेखोर म्हटलं' हे वाक्य खरं असलं तरी अपुरं आहे. वेगळं म्हणायची मुभा कुणाला होती, हा प्रश्न त्याला जोडल्याशिवाय ते वाक्य प्रबंधात घालू नका.

मग फडके टिकले कसे? मला यातला सगळ्यात मोलाचा धागा असा वाटतो, की ते लिहीत होते. त्यांनी रोजनिशी ठेवली, आत्मवृत्त लिहिलं. सरकारनं ते पुरावा म्हणून जप्त केलं आणि जप्त केलं म्हणूनच ते दप्तरात सुरक्षित राहिलं. १९५७ मध्ये मुंबई सरकारनं स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, १८१८ ते १८८५ या काळाचा. त्यात हे कागद छापून आले. वि. श्री. जोशींनी चरित्र लिहिलं. मराठी विश्वकोशात नोंद झाली. १९८४ मध्ये टपाल तिकीट निघालं. 'दरोडेखोर' ते 'आद्य क्रांतिकारक' हा प्रवास असा कागदांवरून झाला.

आणि दौलतराव नाईक? पळस्प्याला प्रत्यक्ष आले ते दौलतराव. मारले गेले तेही. पण आपल्याला ते दिसतात फडक्यांच्या लिखाणातून आणि पोलिसांच्या कागदांतून. त्यांच्याबरोबरचे बाकीचे रामोशी तर नुसत्या संख्येत दिसतात. म्हणून 'उल्लेखनीय' हा शब्द मी जरा जपूनच वापरते. कोणाचं मोठेपण किती याआधी कोणाचे कागद उरले हे बघावं लागतं. आणि कागद उरण्यामागे अक्षरओळख, जात आणि सत्ता हे सगळं असतं.

उशीर ही गाळणी होती

रसायनशास्त्रवाल्यांना गाळणीचा कागद माहीत असतो. छिद्रं किती बारीक, त्यावर वर काय राहणार ते ठरतं. छापील कोशांच्या काळात ही गाळणी होती उशीर आणि खर्च.

श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून परत आले आणि त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा घाट घातला. त्यासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले. १९२० च्या दशकात तेवीस खंड बाहेर पडले. त्यातले पहिले पाच तर नुसते प्रस्तावनाखंड! भागधारकांच्या पैशातून छापायचं तर प्रत्येक पानाला किंमत होती. चार दिवस गाजलेल्या माणसाला पान देणं परवडणारं नव्हतं.

पुढे १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष, आणि विश्वकोशाचं काम वाईला सुरू झालं. पहिला खंड आला १९७६ मध्ये, विसावा २०१५ मध्ये. म्हणजे 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत पोचायला जवळजवळ चाळीस वर्षं. आपण या उशिराची थट्टा करतो, मीही केलीय. पण एखादं नाव आज गाजलं आणि त्याचा खंड पंधरा वर्षांनी छापायला जाणार असेल, तर तोवर त्या नावाचं काय उरतं हे आपोआप कळतं. संपादकाला निर्णय घ्यावाच लागत नाही, काळच घेतो.

या गाळणीचा तोटाही तेवढाच. ज्याचं अक्षर आधी छापून झालं तो विषय नंतर कितीही मोठा झाला तरी बाहेर. कोशात नाव नाही याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो, की तुमचं आद्याक्षर लवकर आलं!

गाळणी गेली

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला. तिथे ना पानाला किंमत, ना खंडाची वाट. सकाळी घटना, दुपारी लेख. उशीर नाही, म्हणून गाळणी नियमांची करावी लागली. विकिपीडियाची 'उल्लेखनीयता' थोडक्यात अशी: विषयावर स्वतंत्र आणि विश्वासार्ह साधनांनी पुरेशा विस्तारानं लिहिलेलं असावं. एकाच घटनेपुरता माणूस असेल तर शक्यतो लेख घटनेवर असावा. आणि एकदा आलेली उल्लेखनीयता शिळी होत नाही, म्हणजे प्रसिद्धी ओसरली एवढ्याच कारणानं लेख काढायचा नाही.

नियम चांगले आहेत, पण ते साधनांच्या मर्यादा स्वतःवर ओढून घेतात. विज्ञानवाल्यांना आठवत असेल, २ ऑक्टोबर २०१८ ला डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकीचं नोबेल जाहीर झालं, हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला होता. कारण? पुरेशी साधनं नाहीत. प्रयोगशाळेत तीस-तीस वर्षं काम करणाऱ्या बाईंवर वर्तमानपत्रं लिहीत नाहीत आणि सात सेकंदांच्या व्हिडिओवर शंभर बातम्या येतात. दौलतरावांचीच गोष्ट, फक्त उलट्या दिशेनं.

आता चीनकडे वळू. तिथे इंटरनेटमुळे प्रसिद्ध झालेल्यांना 'वांगहोंग' असा शब्दच आहे. २०१० मध्ये निंगबो शहरातल्या एका बेघर माणसाचा फोटो पसरला. त्याचा वेश आणि चाल बघून लोकांनी त्याला मॉडेल ठरवलं, 'ब्रदर शार्प' असं नाव जगभर गेलं. फोटोमुळे त्याच्या घरच्यांना त्याचा पत्ता लागला हे खरं, पण मानसिकदृष्ट्या अस्वस्थ असलेल्या त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, की तुला प्रसिद्ध व्हायचंय का. दुसरं उदाहरण नोव्हेंबर २०२० मधलं. सिचुआन प्रांतातल्या लितांगचा डिंग झेन हा तिबेटी तरुण काही सेकंदांच्या व्हिडिओमुळे देशभर माहीत झाला आणि थोड्याच दिवसांत स्थानिक सरकारी पर्यटन कंपनीत कामाला लागून आपल्या भागाचा चेहरा बनला.

दोन्ही 'क्षणिक प्रसिद्धी', पण कोशाच्या दृष्टीनं सारखी नाहीत. पहिल्यात घटना आहे आणि माणूस तिचा बळी आहे. दुसऱ्यात माणसाला पुढे सार्वजनिक भूमिका मिळालीय. शिवाय साधनांचा प्रश्न आहेच. एप्रिल २०१९ पासून चीनच्या मुख्य भूमीवर विकिपीडिया सगळ्याच भाषांत बंद आहे. तिथे लोक वापरतात २००६ मध्ये सुरू झालेला बायदू बायके. आणि बातम्यांवर सरकारची नजर असते. एखाद्यावर शंभर बातम्या आल्या पण त्या सगळ्या एकाच सरकारी सुरातल्या असतील, तर त्यांना 'स्वतंत्र साधनं' म्हणायचं का? आपल्या १८७८ च्या प्रेस अॅक्टची आठवण मला इथेच झाली.

नागपूरचा चहा

आपल्याकडचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस बिल गेट्सनी इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ टाकला, त्यात नागपूरच्या सदर भागातला डॉली चायवाला त्यांना चहा देतोय. देशभर बातम्या. गंमत म्हणजे समोरचा माणूस कोण हे आपल्याला माहीतच नव्हतं, कुणीतरी परदेशी पाहुणा असेल असं वाटलं, असं त्यानं नंतर सांगितलं.

याच्यावर नोंद हवी का? मार्च २०२४ मध्ये विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, थांबा. एकच घटना आहे आणि ती खरं तर गेट्सची आहे. पण त्याच्या स्टॉलचे व्हिडिओ त्याआधीपासून फिरत होते आणि नंतरही तो बातम्यांत राहिला, फ्रँचायझीपर्यंत गोष्ट गेली. आता मी म्हणेन, रस्त्यावरचा धंदा, रील आणि जाहिरात यांचं नातं समजावणारा लेख असेल तर त्यात त्याला हक्काची जागा आहे. त्याच्या जन्मतारखेला आणि घरच्यांच्या नावांना नाही.

नोंद झालेल्याचं काय?

इथपर्यंत सगळं संपादकाच्या खुर्चीतून झालं. आता पलीकडून बघू.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. कॉलेजच्या कार्यक्रमात तिच्याकडून एक गंमतशीर चूक झाली, कुणीतरी ती रेकॉर्ड केली आणि आठवडाभर तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. या गोष्टीला काही वर्षं झाली. आज ती चांगल्या नोकरीत आहे. पण नवीन ठिकाणी कुणी तिचं नाव शोधलं की आधी तेच समोर येतं. ती मला एकदा म्हणाली, "लोक विसरले गं, पण सर्च विसरत नाही." त्या एका वाक्यानं माझं मत बदललं. तोवर मी 'सगळ्याची नोंद ठेवा, गाळायचं काम पुढच्या इतिहासकाराचं' या पक्षाची होते.

कॅनडातल्या एका शाळकरी मुलाचा २००३ मध्ये 'स्टार वॉर्स किड' म्हणून व्हिडिओ पसरला होता, त्यानं न विचारता. इंग्रजी विकिपीडियावर त्या घटनेचा लेख झाला, पण मुलाचं नाव त्यात बराच काळ घातलं नव्हतं. घटनेची नोंद ठेवायची आणि माणसाला मोकळं सोडायचं. मला हे शहाणपणाचं वाटतं.

इथे दप्तर आणि कोश यांतला फरक लक्षात घ्या. फडक्यांची रोजनिशी दप्तरात गेली, ती दशकं बंद राहिली आणि मग इतिहासाच्या कामी आली. दप्तर जपतं, कोश जाहीर करतो. क्षणिक प्रसिद्धी जपायला माझी हरकत नाही, उलट जपलीच पाहिजे, नाहीतर २०२० च्या दशकातला महाराष्ट्र कसा हसत होता हे पन्नास वर्षांनी कुणाला कळणारच नाही. पण जाहीर करताना, विशेषतः जिवंत आणि साध्या माणसाबद्दल, हात आखडताच बरा.

मग विषय होतो का?

ज्युनियरच्या प्रश्नाचं उत्तर: 'नोंद असावी का' हा पीएचडीचा विषय नाही, ते मत झालं. त्यातून विषय असे निघू शकतात.

एक, तुलना. एकाच प्रकारच्या प्रसिद्धीला दोन कोशांनी कसं वागवलं? नोंद कधी झाली, काय वगळलं, नंतर काय बदललं? विकिपीडियात प्रत्येक लेखाचा इतिहास उघडा असतो, हा केवढा मोठा डेटा आहे!

दोन, साधनांचं मोजमाप. बातम्यांची संख्या मोजू नका, उगम मोजा. शंभर बातम्या एकाच वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून आल्या असतील तर ते साधन एकच.

तीन, काळ. प्रसिद्धीचं अर्धायुष्य काढता येतं का? पहिल्या महिन्यातले उल्लेख, वर्षानंतरचे, पाच वर्षांनंतरचे. विज्ञानाकडून आलेल्यांना हे जमेल.

चार, अनुपस्थिती. कोण नाही, आणि का नाही? हे सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं.

आणि माणसांच्या खाजगीपणाचं काय करणार, हे आराखड्यातच लिहा. समिती विचारेल म्हणून तर लिहाच, पण त्या मुलीसारखं कुणीतरी तुमच्या डेटामध्येही असणार आहे, म्हणून आधी लिहा.

पुढच्या वेळी पळस्पे फाट्यावर गाडी अडकली, आणि ती अडकतेच, तर खिडकीतून शिरढोणच्या दिशेनं एकदा बघा. १८७९ मध्ये इथली बातमी दरोड्याची होती. ती इतिहास व्हायला कागद लागले, वेळ लागला आणि ते कागद पुन्हा वाचणारं कुणीतरी लागलं. ते वाचणारं कुणीतरी व्हायचं असेल, तर तयारीला लागा.

पुढच्या पोस्टमध्ये आराखड्याचं पहिलं पान कसं लिहायचं ते बघू. भेटूच.